जुनी पिकअप आयडलला थरथरते, चढाला दम टाकते: दोष शोधायचा कसा

जुनी पेट्रोल पिकअप घेतली की आज ना उद्या ही जोडगोळी भेटतेच. गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, आरसा हलतो, आरपीएमचा काटा खालीवर होतो. ॲक्सिलरेटर दाबावा तर गाडी ओढत नाही, गचके देते, सामान भरलेलं असेल तर चढावर जीव नकोसा करते. माझ्या गाडीचं हेच सुरू होतं तेव्हा सल्ले भरपूर मिळाले: प्लग बदल, सेन्सर बदल, पंप गेला असेल. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतो. पण आधी काय तपासायचं, नंतर काय, आणि एका तपासणीवरून पुढची कशी ठरवायची, हे कोणी सांगत नव्हतं. तो क्रम इथे देतो आहे.

मूळ गोष्ट सोपी आहे. इंजिनाला योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल लागतं, वेळेवर ठिणगी लागते, सिलिंडरमध्ये दाब लागतो आणि जळलेला वायू बाहेर जायला मोकळी वाट लागते. या चारपैकी काहीतरी कमी पडलंय. कुठलं, हे मोजल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका.

डिझेल गाडीची तपासणी वेगळी असते. हा लेख पेट्रोल इंजिनापुरता आहे.

जवळ काय हवं

आधी कागद: तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल, आधीच्या मालकाकडे असतील तर दुरुस्तीची बिलं, आणि एक वही. बॉनेटच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर प्लगचा गॅप (ठिणगी उडते ती फट), टायमिंग (ठिणगी कधी पडायची ती वेळ) आणि बऱ्याचदा व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाच्या शोषणावर चालणाऱ्या नळ्यांचा नकाशाही छापलेला असतो. तो पुसट झाला असेल तर आधी फोटो काढून ठेवा.

अवजारं: गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर (नुसते कोड दाखवणारा पुरत नाही, चालू इंजिनाचे आकडे दाखवणारा घ्या), मल्टिमीटर, व्हॅक्यूम गेज, फ्युएल प्रेशर गेज, कॉम्प्रेशन गेज, प्लगचा सॉकेट, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), टॉर्च. वितरक (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग) असलेल्या इंजिनाला ठिणगीची वेळ तपासणारा टायमिंग लाइटही लागतो. सगळं एकदम घ्यायची गरज नाही. स्कॅनर आणि व्हॅक्यूम गेज या दोघांवर निम्म्याहून जास्त काम होतं.

सुरक्षेबाबत हयगय नको. इंजिन चालू ठेवायचं तर गाडी उघड्यावर हवी, कारण बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो आणि त्याला वासही नसतो. हँडब्रेक ओढा, चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची उटी लावा. सैल बाह्या, ओढणी, मोकळे केस पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा. अग्निशामक हाताशी ठेवा. चालू इंजिनात प्लगची वायर हाताने ओढायची नाही.

१. दोष इंजिनाचाच आहे ना, हे आधी पाहा

ओढ कमी असण्याचं कारण कधीकधी इंजिनाबाहेर असतं. ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम झपकन वर जातात पण वेग वाढत नसेल, तर क्लच किंवा गिअरबॉक्स घसरतोय. थोडं अंतर चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न टेकवता उष्णता पाहा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून बसलाय. शेवटी इंजिन बंद ठेवून कोणालातरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी पाकळी पूर्ण उघडते का ते बघा (केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलला हे लागू). ताणलेली केबल किंवा खाली गोळा झालेलं मॅट एवढंच कारण निघाल्याचीही उदाहरणं आहेत.

२. लक्षण वहीत उतरवा

"गाडी नीट चालत नाही" एवढ्यावर कुणालाच दोष सापडणार नाही. थरथर थंड इंजिनात जास्त की गरम झाल्यावर? रेस केल्यावर थांबते की वाढते? एसी लावल्यावर इंजिन बंद पडू पाहतं का? गचके हळू वेगात बसतात की चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर?

सगळी वाटचाल याच उत्तरांवर ठरते. आयडलला वाईट आणि रेस केल्यावर गुळगुळीत चालणारं इंजिन बहुधा हवेच्या गळतीकडे, घाणेरड्या थ्रॉटलकडे किंवा उघड्या राहिलेल्या ईजीआर व्हॉल्व्हकडे (हा थोडा जळलेला वायू परत इंजिनात सोडतो) बोट दाखवतं. आयडलला ठीक पण ओझ्याखाली मरणारं इंजिन पेट्रोलचा दाब, कमजोर ठिणगी किंवा तुंबलेला एक्झॉस्ट यांच्याकडे. दोन्हीकडे सारखंच वाईट असेल तर एखादा सिलिंडर कायमच मिस मारत (त्यातलं मिश्रण न जळता वाया जात) असण्याची शक्यता मोठी. थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर बिघडणारं असेल तर कॉइल (ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज तयार करणारी), इग्निशन मॉड्यूल (तिला चालू-बंद करणारं) आणि क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं मोजणारा) यांच्यावर नजर ठेवा. हे तापल्यावर दगा देणारे भाग आहेत.

३. डोळे आणि कान

इंजिन बंद असताना बॉनेट उघडून सावकाश पाहा. एअर फिल्टर काळाकुट्ट किंवा उंदरांनी घर केलेला आहे का? फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतच्या रबरी नळीच्या घड्यांमध्ये चीर आहे का? ती वाकवून, ताणून बघा, कारण घडीत दडलेली चीर वरून दिसत नाही. व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बोटांनी चेपा. कडक, ठिसूळ झालेल्या नळ्या तिथेच तुटतील, आणि तेच हवंय. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत सोडणारा) काढून हलवा. आत खडखड वाजायला हवं. त्याच्या मागची कोपऱ्याची रबरी नळी जुन्या गाड्यांत तेलाने मऊ होऊन फाटते, आणि ती इतक्या अडचणीच्या जागी असते की बहुतेकजण तिच्याकडे पाहतच नाहीत. माझ्या गाडीत दोष याच नळीत निघाला, म्हणून आवर्जून सांगतो: आरसा आणि टॉर्च घेऊन इनटेकच्या मागची बाजू बघा.

बॅटरीही याच वेळी मोजा. इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.७. अर्थिंगच्या वायरी गंजल्या असतील तर त्या घासून घट्ट करा. कमी व्होल्टेजवर सेन्सरचे आकडे भरवशाचे राहत नाहीत आणि पुढचं मोजमाप वाया जातं.

गाडी बरेच महिने उभी होती का? मग टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असू शकतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणीही शोषतं. पुढे जाण्याआधी ताजं पेट्रोल भरा.

४. कोड वाचा, पण कोडवरून पार्ट मागवू नका

अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या नव्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ (दोष नोंदवून सांगणारी ठरावीक पद्धत) सक्तीचं झालं. त्यात स्कॅनर लावायचा सॉकेट डॅशबोर्डच्या खाली मिळतो. त्याआधीच्या इंजेक्शन गाड्यांमध्ये बहुधा दोन पिना जोडून दिव्याच्या उघडझापीवरून कोड मोजावा लागतो. पद्धत मॅन्युअलमध्ये असते.

या तक्रारीत नेहमी भेटणारे कोड असे. पी ०३०० म्हणजे मिस होतंय पण एका ठरावीक सिलिंडरमध्ये नाही. पी ०३०१ ते पी ०३०८ यांत शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी ०१७१ आणि पी ०१७४ म्हणजे अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या बाजूचं (व्ही आकाराच्या इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात) मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी. पी ०१७२ आणि पी ०१७५ म्हणजे घट्ट, पेट्रोल जास्त. पी ०१०१ आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा, पी ०४०१ ईजीआरचा प्रवाह अपुरा, पी ०५०५ ते पी ०५०७ आयडलच्या नियंत्रणाचे, पी ०४२० एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा.

सगळ्यात मोठी फसगत इथे होते. पातळ मिश्रणाचा कोड एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून येतो, म्हणून लोक ऑक्सिजन सेन्सरच बदलतात. तो बिचारा बहुतेक वेळा खरी बातमी देत असतो. शिवाय सिलिंडर मिस मारत असला की न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये येते. ती पाहून सेन्सर मिश्रण पातळ आहे असं सांगतो, प्रत्यक्षात पेट्रोल पुरेसं असलं तरी. म्हणून मिसचा आणि पातळ मिश्रणाचा कोड एकत्र आले तर आधी ठिणगी तपासा.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम वहीत लिहून घ्या. दोष घडला त्या क्षणी आरपीएम, तापमान, ओझं किती होतं हे त्यात साठवलेलं असतं. कोड पुसला की तेही जातं.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि गाडी चालवणं थांबवा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि साध्या प्लगच्या दोषापायी महागडा कन्व्हर्टर वितळतो.

५. फ्युएल ट्रिम वाचायला शिका

एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिका. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय, तो आकडा म्हणजे ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणाचा, लाँग टर्म साठलेल्या सवयीचा. दोघांची बेरीज घ्या. शून्याच्या आसपास, दहाच्या आत असेल तर काळजी नाही. अधिक दहाच्या बरंच वर म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा न मोजलेली हवा आत येतेय. उणे दहाच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त होतंय.

इंजिन पूर्ण गरम करा. आयडलवरची बेरीज लिहा. मग २,५०० आरपीएमवर धरून पुन्हा लिहा. आयडलला अधिक वीस आणि २,५०० ला शून्याजवळ, तर हवेची गळती आहे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, म्हणून छोट्या चिरेतून शिरणारी हवा एकूण हवेचा मोठा हिस्सा ठरते. आरपीएम वाढले की तीच चीर नगण्य होते. उलट, आयडलला ठीक आणि रस्त्यावर ओझं वाढेल तसा ट्रिम वर चढत गेला, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे किंवा एअरफ्लो सेन्सर मळलाय. एकाच बाजूचा ट्रिम बिघडला असेल तर दोष त्याच बाजूचा: गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी), इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) किंवा सेन्सरच्या आधी फुटलेला एक्झॉस्ट.

एक अपवाद ध्यानात ठेवा. बऱ्याच जुन्या इंजिनांत एअरफ्लो सेन्सर नसतो, फक्त इनटेकचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळती असली तरी ट्रिम फारसा चढत नाही, आयडलचे आरपीएमच वर जातात.

एअरफ्लो सेन्सर असेल तर ढोबळ पडताळा असा: गरम इंजिनात आयडलला दर सेकंदाला जितके ग्रॅम हवा दिसते, तो आकडा इंजिनाच्या लिटरच्या आसपास असतो. ४ लिटरच्या इंजिनाला सुमारे ४. सेन्सर साफ करायचा तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा आणि आतल्या तारेला काही लावू नका. ब्रश नको, कापूस नको.

६. व्हॅक्यूम गेज लावा, गळती शोधा

गेज थ्रॉटलच्या पुढच्या, थेट इनटेक मॅनिफोल्डवर निघणाऱ्या नळीला जोडा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलला १७ ते २२ इंच पारा (व्हॅक्यूमचं माप) दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर ३०० मीटरला साधारण १ इंच वजा करा. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. ठरावीक तालात काटा खाली पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

गळती शोधायची सुरक्षित पद्धत म्हणजे धूर: गॅरेजमध्ये यंत्राने इनटेकमध्ये धूर भरतात आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहतात. घरच्या घरी नळ्या एकेक करून चिमटून बंद करा आणि आरपीएम बदलतात का ऐका. गॅस्केटच्या कडांवर स्प्रे बाटलीने साधं पाणी मारलं तरी चिरेत पाणी ओढलं जाऊन आवाज क्षणभर बदलतो. कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत सर्रास सांगितली जाते. तो फवारा गरम एक्झॉस्टवर किंवा फुटक्या प्लग वायरवर पडला तर भडका उडतो, म्हणून मी ती सुचवत नाही.

ब्रेकचा बूस्टरही (पेडल हलकं करणारा, व्हॅक्यूमवर चालणारा डबा) विसरू नका. पेडल दाबल्यावर फुसफुस येत असेल आणि आयडल बदलत असेल, तर पडदा फाटलाय. ही गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

७. ठिणगी

प्लग काढताना सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी किंवा करडा रंग ठीक. कोरडी काजळी म्हणजे मिश्रण घट्ट, तेलकट ओलावा म्हणजे आत तेल येतंय, पांढराफटक म्हणजे पातळ मिश्रण किंवा जास्त उष्णता. सगळे सारखे असतील तर दोष सगळ्या इंजिनाचा, एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरचा. गॅप फीलर गेजने मोजा. नवे प्लग खोक्यातून गॅप करून आले आहेत असं धरून चालू नका. चिनी मातीवर केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून निसटतेय.

वितरक असेल तर टोपी आणि रोटर काढून बघा: पितळी टोकांवर गंज, आत काळ्या रेघा, भेग. मग अंधार पडल्यावर इंजिन चालू करून लांबूनच वायरींवर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी संपल्या. वायरी बदलताना एकावेळी एकच काढा. आठ वायरी एकदम काढल्या की फायरिंग ऑर्डर (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम) चुकते आणि नवाच दोष उभा राहतो.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर संशयित कॉइल दुसऱ्या सिलिंडरला लावा. तिसऱ्याची पाचव्याला लावली आणि पी ०३०३ जाऊन पी ०३०५ आला, तर कॉइल वाईट. कोड तिथेच राहिला तर कॉइल निर्दोष. हाच खेळ प्लगबरोबर खेळता येतो.

कुठला सिलिंडर काम करत नाही हे कळत नसेल, तर आयडलला इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिनाचे आरपीएम लगेच पडतात. ज्याचा काढल्यावर फरकच पडत नाही तो आधीच मेलेला आहे.

टायमिंग तपासताना स्टिकरवर लिहिलेली पूर्वतयारी कराच. कुठे व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमवर ठिणगीची वेळ पुढे सरकवणारी) नळी काढून बुजवायची असते, कुठे एखादा कनेक्टर सोडवायचा असतो. ते न करता घेतलेला आकडा चुकीचाच येतो.

८. थ्रॉटल, आयडल व्हॉल्व्ह, ईजीआर

थ्रॉटलच्या पाकळीभोवती काळा थर जमतो आणि आयडलची हवा अडते. क्लीनर आणि मऊ कापडाने पुसा. आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह काढून त्याचा मार्गही साफ करा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर मल्टिमीटरवर बंद असताना सुमारे अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या आसपास दाखवतो. मध्ये कुठे आकडा एकदम पडला तर नेमका तिथेच गाडी गचका देत असणार.

ईजीआर आयडलला पूर्ण बंद असायला हवा. काजळीचा खडा अडकून तो किंचित उघडा राहिला की थरथर सुरू होते आणि रेस केल्यावर नाहीशी होते. पडदा दिसत असेल तर आयडलला हातमोजा घालून वर ढकला, इंजिन धडपडायला हवं. धडपडलं नाही तर मार्ग तुंबलाय.

कूलंट सेन्सरचं तापमानही स्कॅनरवर बघा. गरम इंजिनात उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलंय आणि कॉम्प्युटर इंजिन गोठलंय असं समजून पेट्रोल ओततोय.

इंजेक्टरऐवजी कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना भाग) असलेल्यांनी इंजिन बंद ठेवून वरून आत पाहावं आणि थ्रॉटल हाताने उघडावा. पेट्रोलची धार दिसायला हवी. नाही दिसली तर ॲक्सिलरेटर पंप गेला. गरम इंजिनात चोक पूर्ण उघडतो का तेही बघा.

९. पेट्रोलचा दाब

गेज जोडण्याआधी मॅन्युअलप्रमाणे लाइनमधला दाब उतरवा. नेमका आकडा मॉडेलचाच घ्या, अंदाजापुरतं सांगायचं तर कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाला ४ ते ७ पीएसआय (दाबाचं माप), थ्रॉटल बॉडी इंजेक्शनला (सगळ्या सिलिंडरांसाठी थ्रॉटलपाशीच पेट्रोल फवारणारं) बहुधा ९ ते १५, आणि प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर असलेल्यांना ३५ ते ६५. आयडलचा दाब बरोबर आला म्हणून थांबू नका. गेज सुरक्षित बांधून रेस करून बघा, कारण तुंबलेला फिल्टर जास्त मागणी आल्यावरच उघडा पडतो. प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून हुंगा. आत पेट्रोल ओलं असेल तर त्याचा पडदा फाटलाय.

दाब कमी आला तर आधी फिल्टर बदला, मग पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज आणि अर्थिंग मोजा. जुन्या चॅसिसवर गंजलेलं अर्थिंग पंपाला उपाशी ठेवतं, आणि टाकी उतरवून नवा पंप बसवूनही गाडी तशीच राहते.

१०. एक्झॉस्ट

तुंबलेला कन्व्हर्टर असलेलं इंजिन म्हणजे नाक-तोंड दाबून पळायला लावलेला माणूस. व्हॅक्यूम गेज लावून २,५०० आरपीएम धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर वाट बंद होत चाललीय. पक्कं करायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबाचा गेज लावतात. २,५०० ला ३ पीएसआयच्या वर गेला तर अडथळा आहे. मात्र कन्व्हर्टर आपणहून क्वचितच मरतो. मिस किंवा तेल जाळणं आधी थांबवा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

११. कॉम्प्रेशन

इथपर्यंत काहीच सापडलं नसेल, किंवा एक सिलिंडर प्लग-कॉइल बदलूनही मेलेला असेल, तर सिलिंडरमधला दाब मोजणारी ही चाचणी करा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरने सारखेच फेरे द्या. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांहून कमी नसावा. कमी आला त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर हेड गॅस्केटचा संशय धरा. सगळेच थोडेथोडे कमी आणि व्हॅक्यूमही स्थिर पण खाली असेल, तर टायमिंग चेन (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ सांभाळणारी साखळी) ताणलेली असू शकते.

१२. दुरुस्तीनंतर

एकावेळी एकच बदल करा आणि प्रत्येकानंतर ट्रिम आणि व्हॅक्यूम पुन्हा मोजा. बॅटरी काढली असेल तर सुरुवातीला आयडल थोडं विचित्र वाटेल, कॉम्प्युटरला नव्याने शिकायला वेळ लागतो. काही दिवस थंड-गरम दोन्ही अवस्थांत, सामान घालून, चढावर चालवा आणि मग प्रलंबित कोड पाहा. दिवा लागलेला नसतानाही ते साठत असतात.

गॅरेजमध्ये न्यायची वेळ आली तर वहीतलं हे पान मेकॅनिकच्या हातात द्या: फ्रीझ फ्रेम, दोन्ही आरपीएमवरचे ट्रिम, व्हॅक्यूम, पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशनचे आकडे आणि आतापर्यंत काय काय बदललं त्याची यादी. आणि पार्ट बदलायला सांगितला तर कुठल्या आकड्यावरून, एवढं शांतपणे विचारा.